व्यायामशिक्षकांचे शिक्षक : स्वामी कुवलयानंद

ठाणे, कल्याण आणि डोंबिवली येथील शाळांत शिकून मोठ्या झालेल्या मंडळींना ‘पीटीचे सर’ हे शब्द ऐकताच एक ठराविक चित्र आठवते. पांढरा सदरा, गळ्यात शिट्टी, हातात हजेरीचे पुस्तक आणि मैदानावर चुन्याच्या फक्कीने आखलेले कबड्डीचे अंगण. गणिताच्या वा इंग्रजीच्या शिक्षकांचे नाव कदाचित विस्मृतीत जाईल, परंतु हे सर सहसा विसरले जात नाहीत. स्वातंत्र्यदिनाचे संचलन असो, सहल असो, रक्तदानाचे शिबिर असो वा एखाद्या मंडळाचा सार्वजनिक उत्सव असो, माणसे शिस्तीने उभी करावयाची वेळ आली की गाव त्यांचाच दरवाजा ठोठावते. असे असूनही शाळेच्या शिक्षकदालनात त्यांची खुर्ची बहुधा कोपऱ्यात असते. सहामाही परीक्षा जवळ आली की सर्वप्रथम त्यांचाच तास बीजगणिताला दिला जातो आणि पालकही त्याबद्दल कधी तक्रार करीत नाहीत. व्यापारी समाजात तर मुलाने घाम गाळावा तो दुकानातच, अशी समजूत दीर्घकाळ होती आणि ती पूर्णपणे गेली आहे असे म्हणवत नाही.

हा शिक्षक शाळेत आला कोठून, त्याला प्रशिक्षण द्यावे असे प्रथम कोणाला वाटले आणि सरकारच्या गळी ते कोणी उतरविले, याचा इतिहास फारसा सांगितला जात नाही. त्या इतिहासात अनेक थोर नावे आहेत. त्यांतील एक नाव आपण निराळ्याच संदर्भात ओळखतो. लोणावळ्याच्या कैवल्यधाम आश्रमाचे संस्थापक स्वामी कुवलयानंद हे योगी म्हणून सर्वांना ठाऊक आहेत. तथापि आयुष्याची सुमारे पन्नास वर्षे ते मूलतः शिक्षक होते आणि मुंबई इलाख्यातील शारीरिक शिक्षणाची घडी बसविण्यात त्यांचा वाटा फार मोठा होता. ठाणे जिल्हा त्या इलाख्यातच मोडत असल्याने येथील शाळांच्या मैदानांवरही त्यांचे ऋण आहे.

प्रथम त्यांच्या पूर्वीची स्थिती पाहणे अगत्याचे आहे. महाराष्ट्रात व्यायामाची परंपरा जुनीच. दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभटदादा देवधरांनी मल्लखांबाच्या विद्येला नवे रूप दिले आणि त्यांच्या शिष्यशाखेने ती काशीपासून बडोद्यापर्यंत नेली. परंतु तालीम ही तालीमच होती. तेथे उस्तादाची मर्जी, शिष्याची निष्ठा आणि वर्षानुवर्षांची मेहनत यांवर सर्व काही चाले. जो मुळात दणकट, तो अधिक दणकट होई, आणि किडकिडीत पोर दारातूनच परत फिरे. दुसरीकडे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्रजी शाळांतून ‘ड्रिल’ सुरू झाले. ते शिकविण्यास पलटणीतून पेन्शनीत निघालेला एखादा हवालदार अल्प वेतनावर ठेवीत. हुकूम इंग्रजी, पोरांना त्याचा अर्थ कळत नसे आणि बहुतेक ठिकाणी तो मास्तरालाही नीटसा कळत नसावा. शाळेच्या इतर शिक्षकांत त्याची गणना नव्हती. ‘ड्रिल मास्तर’ या शब्दात जी किंचित हेटाळणी मुरलेली आहे ती तेव्हापासूनची.

या दोन टोकांना जोडणारा पहिला मोठा दुवा बडोद्यास निर्माण झाला. गायकवाडांचे बडोदे हे गुजरातच्या भूमीवरील एक मराठी बेटच होते. खंडेराव महाराजांच्या काळापासून तेथे मल्लविद्येला राजाश्रय होता. तेथील जुम्मादादा या उस्तादांच्या आखाड्यात १८७८ साली जन्मलेले गजानन यशवंत उपाख्य माणिकराव तयार झाले आणि गुरूंच्या पश्चात त्यांनी तो आखाडा गुरूंच्याच नावाने नावारूपास आणला. लोक त्यांना ‘प्रोफेसर माणिकराव’ म्हणत. ही पदवी विद्यापीठाची नव्हे. त्या काळी व्यायामातील नामवंतांना लोकच ती बहाल करीत, जसे प्रोफेसर राममूर्ती. पुढे सयाजीराव महाराजांनी त्यांना ‘राजरत्न’ हा किताब दिला. माणिकराव आजन्म अविवाहित राहिले. व्यायामाइतकीच त्यांची दुसरी ख्याती अस्थिसंधानाची. निखळलेला सांधा वा मोडलेले हाड घेऊन लोक त्यांच्या दाराशी येत आणि हे कार्य त्यांनी सेवा म्हणून केले. व्यायाम शिकविणाऱ्याने समाजाच्या अडीअडचणीला उभे राहावे हा जो दंडक आपल्याकडे पडला, त्याचे मूळ अशा माणसांत आहे.

परंतु माणिकरावांचे सर्वांत महत्त्वाचे काम म्हणजे संघव्यायाम. आखाड्यात एकेकाला स्वतंत्र शिकविण्याऐवजी शेकडो मुलांना एका वेळी, एका तालावर व्यायाम देता यावा यासाठी त्यांनी पद्धती बसविली आणि इंग्रजी हुकमांच्या जागी देशी भाषेतील आज्ञा आणल्या. आज ‘सावधान’, ‘विश्राम’ हे शब्द शाळेतील लहान मुलालाही पाठ असतात. एके काळी आपल्या भाषेत हुकूम देणे हीच मोठी धिटाई होती. १९५४ साली माणिकराव निवर्तले, तोवर त्यांच्या शिष्यांनी गुजरात व महाराष्ट्रात ठिकठिकाणी व्यायामशाळा उभ्या केल्या होत्या.

या माणिकरावांच्या आखाड्यात १९०७ ते १९१० या काळात जगन्नाथ गणेश गुणे नावाचा एक विद्यार्थी येत असे. त्याचा जन्म ३० ऑगस्ट १८८३ रोजी बडोदे संस्थानातील डभोई येथे झाला. घरची अत्यंत गरिबी, आईवडिलांचे छत्र लवकर हरपलेले. तरीही १९०३ साली मॅट्रिकच्या परीक्षेत त्याने संस्कृतची मानाची जगन्नाथ शंकरशेट शिष्यवृत्ती मिळविली आणि पुढे बडोद्याच्या महाविद्यालयात प्रवेश घेतला. मुंबईत संस्कृतची ही शिष्यवृत्ती मिळविणारा मुलगा वकील वा मुन्सफ व्हावयाचा, ही तेव्हाची रीत. गुण्यांनी मात्र टिळकांच्या आणि अरविंदबाबूंच्या विचारांच्या प्रभावाखाली देशसेवेचे व्रत घेतले आणि ब्रह्मचर्याने राहून शिक्षकी पत्करली. एका हातात संस्कृत आणि दुसऱ्या हातात माणिकरावांच्या आखाड्याची माती, असा हा योग होता. पुढील सर्व कार्याचे बीज या विरळ जोडीत दिसते.

शिक्षकीसाठी ते खानदेशात अमळनेरला गेले. अमळनेर हे तेव्हा कापडाच्या गिरणीचे गाव. गिरणीमालक श्रीमंत प्रतापशेठ यांनी कापडाच्या पैशातून विद्येची जी जोपासना केली तिला तोड नाही. तेथील तत्त्वज्ञान मंदिर १९१६ साली त्यांच्याच औदार्याने उभे राहिले, आणि काही वर्षांनी साने गुरुजी ज्या शाळेत शिक्षक झाले तिलाही प्रतापशेठचेच नाव आहे. धोतर‑लुगड्यांच्या व्यापाराने तत्त्वज्ञानाचे वाचनालय पोसावे, ही गोष्ट आपल्या बाजारपेठेतील मंडळींनी ध्यानी ठेवण्याजोगी आहे. गुण्यांनी येथे खानदेश एज्युकेशन सोसायटीच्या शाळेत अध्यापन केले आणि असहकाराच्या काळात राष्ट्रीय महाविद्यालयाचे प्राचार्यपद सांभाळले. राष्ट्रीय वृत्तीचे हे महाविद्यालय सरकारच्या डोळ्यांत सलू लागले आणि १९२३ साली ते बंद पडले.

दरम्यान १९१९ च्या सुमारास एक घटना घडली होती. बडोद्याजवळ नर्मदाकाठी मालसर येथे परमहंस माधवदासजी नावाचे वयोवृद्ध योगी राहत. गुणे त्यांच्याकडे गेले आणि शिष्य झाले. मुंबईच्या योग इन्स्टिट्यूटचे संस्थापक श्रीयोगेंद्रजी हेही याच गुरूंचे शिष्य, हा योगायोग मोठा चित्तवेधक आहे. एकाच वृद्ध साधूच्या दोन शिष्यांनी काही वर्षांच्या अंतराने योगाला गुहेतून काढून गृहस्थाच्या दिवाणखान्यात आणले.

गुणे मात्र शिक्षक होते आणि शिक्षकाला ‘का’ हा प्रश्न टाळता येत नाही. योगाच्या क्रियांनी शरीरात नेमके काय घडते, हे मोजून पाहावे असे त्यांना वाटू लागले. विसाच्या दशकाच्या आरंभी बडोद्याच्या रुग्णालयात त्यांनी उड्डियान व नौली यांची क्ष‑किरणांच्या साह्याने तपासणी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरच्या हवेच्या दाबापेक्षा कमी होतो आणि त्यामुळेच पाणी आपोआप आत ओढले जाते, हे त्यांनी दाबमापक लावून दाखविले. या पोकळीला त्यांनी आपल्या गुरूंच्या नावावरून ‘माधवदास पोकळी’ असे नाव दिले. गुरुदक्षिणेचा असा प्रकार अन्यत्र क्वचितच सापडेल.

ऑक्टोबर १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधामाची स्थापना झाली आणि त्याच महिन्यात ‘योगमीमांसा’ हे त्रैमासिक सुरू झाले. गुणे आता स्वामी कुवलयानंद या नावाने ओळखले जाऊ लागले होते. त्रैमासिकाची रचना पाहिली की कर्त्याचा स्वभाव कळतो. एका विभागात प्रयोगशाळेतील मोजमापे, एका विभागात सामान्य वाचकासाठी कृतीचे वर्णन. शीर्षासनात रक्तदाब किती चढतो, सर्वांगासनात किती, याची कोष्टके त्यांत आली. प्राणायामाने शरीराला पुष्कळ जास्त प्राणवायू मिळतो, असे तेव्हा सर्रास सांगितले जाई आणि आजही सांगितले जाते. स्वामीजींनी श्वासातून बाहेर पडणाऱ्या वायूचे पृथक्करण करविले आणि तसे आढळत नाही, प्राणायामाचे महत्त्व अन्य कारणांत शोधले पाहिजे, असे स्वच्छ लिहिले. ज्या विद्येचा प्रसार करावयाचा, तिच्याच बाजूने जाणारा लोकप्रिय समज मोडून काढण्यास धैर्य लागते. मापात पाप नको, हा व्यापाऱ्याचा नियम एका योग्याने असा पाळला. पुढे अमेरिकेतील येल विद्यापीठाचे के. टी. बेहनान तिसाच्या दशकात लोणावळ्यास राहून अभ्यास करून गेले आणि १९५७ साली वेंगर व बागची या संशोधकांनीही आपल्या प्रयोगांसाठी लोणावळे गाठले. महात्मा गांधींनी १९२७ साली प्रकृतीच्या संदर्भात स्वामीजींशी केलेला पत्रव्यवहारही प्रसिद्ध आहे.

योगाच्या या लौकिकामुळे स्वामीजींच्या कार्याची दुसरी बाजू झाकोळली गेली. ती बाजू समजून घेण्यासाठी त्या दशकाचे वातावरण लक्षात घ्यावे लागते. अमरावतीस वैद्य बंधूंनी १९१४ साली सुरू केलेला हनुमान आखाडा पुढे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ म्हणून वाढला आणि १९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी त्याच्या पथकाने कबड्डी, मल्लखांब आदी देशी प्रकारांची प्रात्यक्षिके जर्मनीत करून दाखविली. पुण्यात कॅप्टन शिवरामपंत दामले यांनी १९२४ साली महाराष्ट्रीय मंडळ काढले. दादरला १९२५ साली समर्थ व्यायाम मंदिर सुरू झाले. औंधचे अधिपती भवानराव पंतप्रतिनिधी यांनी आपल्या संस्थानातील शाळांत सूर्यनमस्कार आणले. पंधरावीस वर्षांच्या अवधीत महाराष्ट्रभर जणू व्यायामाची लाटच उसळली होती. हे सर्व प्रयत्न खासगी होते, एकेका कर्त्या पुरुषाच्या खांद्यावर उभे होते. जेथे असा पुरुष होता तेथील मुलांना व्यायाम मिळे आणि जेथे नव्हता तेथे पुन्हा तोच पेन्शनर हवालदार. कल्याणसारख्या तेव्हाच्या लहान गावातील वा शहापूर‑मुरबाडकडील खेड्यातील मुलाला अमरावतीच्या कीर्तीचा उपयोग काय?

सरकारने या प्रश्नात यापूर्वी अगदीच लक्ष घातले नव्हते असे नाही. १९२७ साली कन्हैयालाल मुनशी यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती नेमली गेली होती. परंतु खरी गती आली ती १९३७ साली. त्या वर्षी मुंबई इलाख्यात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ अधिकारावर आले आणि शारीरिक शिक्षणाचा साकल्याने विचार करण्यासाठी नेमलेल्या समितीचे अध्यक्षपद स्वामी कुवलयानंदांकडे देण्यात आले. भगवी वृत्ती धारण केलेल्या माणसाने सरकारी कचेरीत बसून टिपणे तयार करावीत, खर्चाचे आकडे तपासावेत, शिक्षणाधिकाऱ्यांशी वाद घालावा, हे पुष्कळांना विचित्र वाटले असेल. स्वामीजींना ते वाटले नाही. राष्ट्रीय महाविद्यालय चालवून आणि ते बंद पडलेले पाहून त्यांना एक गोष्ट पुरती ठाऊक झाली असली पाहिजे की वेळापत्रकात जागा, अंदाजपत्रकात तरतूद आणि शिकविणाऱ्याच्या हाती प्रमाणपत्र असल्यावाचून शाळेत काहीही टिकत नाही.

याच प्रयत्नांतून १९३८ साली कांदिवली येथे सरकारी शारीरिक शिक्षण प्रशिक्षण संस्था सुरू झाली. आजच्या शारीरिक शिक्षणशिक्षकाची जन्मभूमी शोधावयाची झाल्यास ती कांदिवलीच्या त्या मैदानावर सापडेल. सुशिक्षित शिक्षकाने येथे येऊन शरीरशास्त्र, आरोग्यशास्त्र, खेळांचे नियम आणि शिकविण्याची पद्धती या सर्वांचा अभ्यास करावा आणि मग शाळेत जावे, अशी कल्पना होती. म्हणजे मैदानावर उभा राहणारा माणूस हा वर्गात उभ्या राहणाऱ्या माणसाच्या बरोबरीचा झाला. संस्थेचे प्राचार्यपद भूषविलेले डॉ. पी. एम. जोसेफ हे पुढे १९५७ साली ग्वाल्हेरला निघालेल्या लक्ष्मीबाई राष्ट्रीय शारीरिक शिक्षण महाविद्यालयाचे पहिले प्राचार्य झाले. ठाण्याच्या सीमेपासून काही कोसांवर रुजलेले रोप देशपातळीवर कसे पोहोचले, त्याचा हा दाखला. ठाणे‑कल्याण भागातील शिक्षकाला दादरला गाडी बदलून कांदिवली गाठता येई, ही सोय काही लहान नव्हती. पुणे वा अमरावती येथे वर्षभर बिऱ्हाड करणे सामान्य शिक्षकाच्या आवाक्याबाहेरचे होते.

महायुद्ध आणि राजकीय उलथापालथी यांमुळे मधली काही वर्षे खीळ बसली. १९४५‑४६ मध्ये या विषयासाठी पुन्हा समिती नेमण्यात आली तेव्हाही अध्यक्ष स्वामी कुवलयानंदच होते. एकाच कामासाठी इंग्रजी अमलात आणि स्वराज्याच्या उंबरठ्यावर अशा दोन्ही वेळी त्याच माणसाला बोलवावे लागले, यावरून त्यांचा अधिकार ध्यानात येतो.

समितीच्या कामाइतकेच मोलाचे आहे ते त्यांचे १९३६ सालचे ‘यौगिक संघव्यायाम’ हे छोटेखानी पुस्तक. ‘आसने’ आणि ‘प्राणायाम’ या त्यांच्या ग्रंथांची कीर्ती मोठी आणि त्यांच्या शेजारी हे पुस्तक किरकोळ वाटते. परंतु त्याच्या नावातच सर्व काही आले आहे. ‘यौगिक’ हे माधवदासजींकडचे आणि ‘संघव्यायाम’ हा माणिकरावांकडचा. योगाच्या क्रिया एकांतात, गुरूच्या देखरेखीखाली करावयाच्या. शाळेत मात्र एका तासाला पन्नास मुले, जमीन खडबडीत, वेळ अर्धा तास आणि शिकविणारा एक. या सर्व अडचणी गृहीत धरून स्वामीजींनी सोप्या हालचाली निवडल्या, त्यांना आकडे व आज्ञा दिल्या आणि कोणत्याही शाळेच्या अंगणात करता येतील असा क्रम बसविला. यास ना मल्लखांब लागतो, ना डंबेल्स, ना तालमीची माती. विनाखर्चाचा व्यायाम म्हणून उत्तर हिंदुस्थानातील संयुक्त प्रांताच्या सरकारनेही तिसाच्या दशकात त्यांच्या पद्धतीची दखल घेऊन ती शाळांत आणण्याचा प्रयत्न केला.

या योजनेमागील विचार साधा आणि आजही अवघड आहे. बळकट मुलाला पदक मिळवून देणे हे तालमीचे काम झाले. शाळेचे काम दम लागणाऱ्या, चष्मा असलेल्या, मागच्या बाकावर बसणाऱ्या मुलाची पाठ सरळ करण्याचे. स्वामीजींची सर्व योजना त्या दुसऱ्या मुलासाठी होती. म्हणूनच त्यांनी स्पर्धेपेक्षा नित्याच्या तासावर भर दिला आणि उस्तादापेक्षा शिक्षकावर.

स्वातंत्र्यानंतरही ते थांबले नाहीत. १९५० मध्ये लोणावळ्यास गोवर्धनदास सेक्सरिया महाविद्यालय सुरू झाले. मुंबईत चर्नी रोडजवळ, समुद्रासमोर, ईश्वरदास चुनीलाल यांच्या नावाचे यौगिक आरोग्यकेंद्र १९३६ पासून चालू होते. या दोन नावांवरूनही दिसून येईल की संस्थेमागे दात्यांची मोठी रांग उभी होती. दात्याला चमत्कार दाखवून देणगी मिळविणारे साधू आपल्या देशात कमी नाहीत. येथे दात्याला दाखविली जात होती ती प्रयोगशाळा आणि तिच्यातील नोंदवह्या. १९६३ साली डॉ. विनेकर यांच्यासह त्यांनी लिहिलेले यौगिक उपचारांवरील पुस्तक केंद्र सरकारच्या आरोग्यशिक्षण विभागाने प्रसिद्ध केले. १८ एप्रिल १९६६ रोजी, वयाच्या ८३ व्या वर्षी, त्यांनी देह ठेवला.

आपल्या परिसरापुरते पाहता ठाण्यात योगाचा प्रसार ज्यांनी केला त्या संस्थांची गुरुपरंपरा निराळी आहे. नौपाड्यातील घंटाळी मित्र मंडळ अथवा हठयोगी निकम गुरुजींचे अंबिका योग कुटीर यांचे मूळ लोणावळ्यात नाही आणि तसे सांगणे योग्य होणार नाही. परंतु सभागृहात सतरंज्या अंथरून नोकरदार, गृहिणी आणि वृद्ध यांनी एकत्र आसने करावीत, शिकविणाऱ्याने सेवाभावाने शिकवावे, यात कोणालाही आज वावगे वाटत नाही. शंभर वर्षांपूर्वी ही कल्पनाच लोकांच्या पचनी पडली नसती. ती पचविण्याचे काम आधीच्या पिढीने करून ठेवले होते. २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला शाळांच्या पटांगणावर शेकडो मुले आज्ञेबरहुकूम आसने करतात, तेव्हा त्यांच्या रांगांमध्ये माणिकरावांचा संघव्यायाम आणि स्वामीजींची १९३६ ची पुस्तिका दोन्ही डोकावतात.

नित्याच्या तासाची कथा मात्र वेगळी आहे. राज्यात खेळाला आज प्रतिष्ठा आहे. १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडास्पर्धांसाठी बालेवाडीत भव्य क्रीडानगरी उभी राहिली, ठाण्यात दादोजी कोंडदेव क्रीडाप्रेक्षागृह आहे, दहावी‑बारावीला राज्य वा राष्ट्रीय पातळीवर चमकलेल्या विद्यार्थ्यांस सवलतीचे क्रीडागुण मिळतात. खेळाडूंचा हा गौरव रास्तच आहे. पण गुण मिळतात ते आधीच बलवान असलेल्या मुलास. आठवड्यातील दोन तास ज्याच्या हक्काचे, त्या चष्मेवाल्या मुलाच्या वाट्याला परीक्षेच्या दिवसांत तेही येत नाहीत. डोंबिवली‑कल्याण पट्ट्यात लोकवस्ती ज्या वेगाने वाढली त्या वेगाने मैदाने वाढली नाहीत. कित्येक शाळांत इमारतीच्या गच्चीवर वा दोन जिन्यांमधील मोकळ्या जागेत पीटीचा तास भरतो. अशा जागेत खोखो होणार नाही हे खरेच. तथापि ‘यौगिक संघव्यायाम’ हा नेमका अशाच जागेसाठी रचला गेला होता, आणि शाळा चालविणाऱ्या आपल्यासारख्या विश्वस्त संस्थांनी ती पुस्तिका पुन्हा उघडून पाहिल्यास खर्च काहीच नाही.

कल्याणहून पुण्याकडे जाणारी गाडी बोरघाट चढून लोणावळ्यास थांबते. तेथून कैवल्यधाम थोड्याच अंतरावर आहे. आश्रम, महाविद्यालय, प्रयोगशाळा आणि ‘योगमीमांसा’ हे सर्व शंभरी ओलांडून अद्याप चालू आहे. ३० ऑगस्ट २०१९ रोजी, स्वामीजींच्या जन्मदिनी, भारतीय टपाल खात्याने त्यांच्या चित्राचे तिकीट काढले. आयुष पद्धतींतील बारा थोर चिकित्सकांच्या मालिकेतील ते एक तिकीट होय. मालिका चिकित्सकांची असल्यामुळे शारीरिक शिक्षण समितीचे अध्यक्ष, अमळनेरचे मास्तर आणि माणिकरावांचे शिष्य असलेले जगन्नाथ गुणे त्या तिकिटावर आलेले नाहीत.